स्मृतिलेखनातील गृहिणी : विलाप, कथा आणि संपादन

१

वृद्ध गृहिणीच्या निधनानंतर तिच्याविषयी जे लिहिले जाते त्यात तीन विशेषणे ठरलेली असतात. ती प्रेमळ पत्नी होती, वत्सल माता होती आणि मायाळू आजी होती. ही विशेषणे खोटी नसतात; लिहिणाऱ्याचे दुःखही खोटे नसते. तथापि दहा घरांतील दहा स्त्रियांविषयी तेच तीन शब्द लिहिले जातात, तेव्हा त्या शब्दांतून कोणतीच एक स्त्री डोळ्यांपुढे उभी राहत नाही. पत्नी, माता आणि आजी ही तीन नाती आहेत. नाते सांगताना दुसऱ्या टोकाला कोणीतरी असावे लागते आणि ते टोक म्हणजे स्मरण करणारा स्वतः असतो. म्हणून अशा लेखनात गेलेल्या व्यक्तीपेक्षा मागे राहिलेल्या व्यक्तीचाच परिचय अधिक होण्याचा संभव असतो.

यातून एक वाङ्मयीन प्रश्न उपस्थित होतो, आणि तो नुसता वाङ्मयीनही नाही. शोकाने लिहिणारा मनुष्य गेलेल्या स्त्रीस राखून ठेवतो की तिच्या अभावी झालेली स्वतःची अवस्था राखून ठेवतो? तिच्यावर अन्याय न करता तिचे स्मरण कसे करावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार काही प्रसिद्ध कृतींच्या आधारे केला आहे. पतीने केलेल्या स्मरणाचा नमुना म्हणून कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील अजविलाप, पुत्राने केलेल्या स्मरणाचा नमुना म्हणून साने गुरुजींचे ‘श्यामची आई’, आणि पुत्र व नातू यांनी मिळून केलेल्या स्मरणाचे नमुने म्हणून बहिणाबाई चौधरी व लक्ष्मीबाई टिळक यांच्या वाङ्मयाची जपणूक, अशी ही मांडणी आहे. पहिल्या प्रकारात विलाप आहे, दुसऱ्यात कथा आहे, आणि तिसऱ्यास संपादन हेच नाव द्यावे लागेल. या क्रमाने जाताना गृहिणीचा स्वतःचा आवाज कसकसा ऐकू येऊ लागतो हे पाहणे उद्बोधक आहे.

२

वाङ्मयाकडे वळण्यापूर्वी विधीकडे पाहिले पाहिजे. कारण आपल्या समाजात मृताचे स्मरण प्रथम विधीच्या रूपाने होते आणि साहित्याच्या रूपाने नंतर. श्राद्धात पित्याप्रमाणेच मातेचेही तीन पिढ्यांचे स्मरण सांगितलेले आहे. माता, पितामही आणि प्रपितामही या तिघींचा नाम व गोत्र यांसह उच्चार होतो. पितृपक्षातील नवमी तर सुवासिनीपणी मृत्यू पावलेल्या स्त्रियांसाठी राखून ठेवलेली आहे. तिला अविधवा नवमी असेच नाव आहे. या स्मरणात माता वसुरूप, पितामही रुद्ररूप आणि प्रपितामही आदित्यरूप मानली जाते. पिढी जसजशी दूर जाते, तसतशी व्यक्ती देवतेच्या रूपात विलीन होत जाते, असा यामागील भाव दिसतो.

या विधीचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेण्यासारखे आहे. विधी नाव राखतो, पण व्यक्तीचे विशेष राखीत नाही. आजीचे नाव आणि गोत्र त्याला हवे असते. ती भाजीत मीठ किती घालीत असे, रागावली म्हणजे काय करीत असे, हे त्याला नको असते. साहित्याची रीत बरोबर उलट आहे. साहित्य कित्येकदा नाव विसरते, परंतु मीठ आणि राग विसरत नाही. ‘श्यामची आई’ या ग्रंथाचे शीर्षकच पाहावे. त्यातील आईला स्वतःचे नाव आहे. परंतु ग्रंथावर छापले गेले आहे ते मुलाचे नाव. मराठी वाचकाच्या मनात ती यशोदा म्हणून राहिलेली नाही, श्यामची आई म्हणूनच राहिली आहे.

नावाचा हा प्रश्न वरवरचा नव्हे. ज्या स्त्रियांचे स्मरण करावयाचे त्यांचे नाव विवाहाच्या वेळीच एकदा बदललेले असे. मनकर्णिका गोखले यांच्या लक्ष्मीबाई टिळक झाल्या, यमुना कुर्लेकर यांच्या रमाबाई रानडे झाल्या. बंगालमध्ये भवतारिणीची मृणालिनी झाली. १९०२ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर रवींद्रनाथांनी ‘स्मरण’ या संग्रहातील कविता लिहिल्या. पती जिचे स्मरण करतो तिला हाक मारण्याचे नावही पतीच्याच घराने दिलेले असते. तेव्हा स्मरण करणाऱ्याच्या शब्दांपलीकडे तिचे काय उरले, हा प्रश्न अशा लेखनाच्या मुळाशीच आहे.

३

‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात इंदुमतीचा मृत्यू वर्णिला आहे. उद्यानात पतीसह विहार करीत असता नारदाच्या वीणेवरील दिव्य पुष्पमाला तिच्यावर पडते आणि तिचे प्राण जातात. त्यानंतर अजाने केलेला विलाप हा संस्कृत साहित्यातील पत्नीशोकाचा आदर्श मानला जातो. ‘कुमारसंभवा’तील रतिविलापासाठी कालिदासाने जे वृत्त योजले तेच येथेही योजले आहे. एके ठिकाणी पत्नी पतीसाठी शोक करते, दुसऱ्या ठिकाणी पती पत्नीसाठी; परंतु शोकाची चाल एकच आहे.

रसशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर भरताने करुण आणि विप्रलंभ यांत जो भेद केला आहे तो येथे उपयोगी पडतो. विप्रलंभ सापेक्ष असतो, म्हणजे त्यात पुनर्मीलनाची आशा असते; करुण निरपेक्ष असतो, त्यात ती आशा नसते. अजविलापात आशा नाही. म्हणूनच अज पत्नीला उद्देशून जे बोलतो त्याला उत्तर मिळणार नाही हे वाचकास ठाऊक असते, आणि बोलणाऱ्यासही ते ठाऊक असते. तरीही तो तिला संबोधीतच राहतो. विलापाचे सारे सामर्थ्य या संबोधनात आहे. ‘ती’ असे म्हणताच मृत्यू मान्य केल्यासारखे होते; ‘तू’ असे म्हणत राहिल्याने ती मान्यता लांबणीवर पडते.

या विलापात इंदुमतीचे जे गुण अज सांगतो ते बहुतांशी त्याच्याशी असलेल्या नात्याचे आहेत. ती त्याची गृहिणी होती, मसलत देणारी होती, एकांतातील सखी होती, ललित कलांतील शिष्या होती. तिला नेताना मृत्यूने आपले म्हणून काहीच मागे ठेवले नाही, अशी त्याची तक्रार आहे. भावना उत्कट आहे यात शंका नाही. परंतु येथे मोजले जात आहे ते अजाचे नुकसान. इंदुमतीने काय गमावले याचा उल्लेख या मोजणीत नाही.

कालिदासाचे श्रेष्ठत्व असे की तो येथेच थांबत नाही. नात्यांच्या गणनेबरोबरच तो काही अपुऱ्या राहिलेल्या कामांचीही आठवण अजाच्या तोंडी घालतो. आम्रवृक्ष आणि प्रियंगुलता यांचे लग्न लावण्याचे इंदुमतीने योजिले होते; ते राहून गेले. बकुळफुलांची मेखला ती पतीबरोबर गुंफीत होती. ती अर्धीच राहिली. तिच्या चरणस्पर्शाची वाट पाहिलेला अशोक आता फुलेल, पण त्याची फुले तिच्या केसांत माळण्याऐवजी तिला अखेरची वाहावी लागतील. रसशास्त्राच्या परिभाषेत हे उद्दीपन विभाव होत. तथापि त्यांचे कार्य शोक उद्दीपित करण्यापुरते मर्यादित नाही. वृक्ष आणि वेल यांचे लग्न लावण्याची कल्पना अजाची नाही, इंदुमतीची आहे. ती गमतीची आहे, काहीशी बालिश आहे, आणि तिचीच आहे. सद्गुणांच्या यादीतून जी इंदुमती दिसत नाही ती या एका अपुऱ्या बेतातून दिसते. कोणत्याही स्मृतिलेखाच्या परीक्षणासाठी येथून एक सूत्र मिळते : गेलेल्या व्यक्तीच्या गुणांपेक्षा तिचे अपुरे राहिलेले बेत तिला अधिक जिवंत करतात.

विलापातील पुत्राचे स्थानही पाहण्यासारखे आहे. बाल दशरथाचा उल्लेख प्रतिपदेच्या चंद्रासारखा मुलगा अशा शब्दांत येतो, आणि तोही एवढे सारे असताना तू निघून जाण्याचा कठोर निश्चय कसा केलास, या गाऱ्हाण्याच्या ओघात. मुलाची आई गेली हे दुःख अजाच्या दुःखात बुडून गेले आहे. पत्नीशोकाच्या काव्यात माता बहुधा अशीच मागे पडते.

त्यानंतर वसिष्ठांचा शिष्य संदेश घेऊन येतो. स्वजनांचे अविरत अश्रू मृतास दाहक होतात, असे तो सांगतो. अज ऐकून घेतो. पण शोकाने भरलेल्या हृदयात त्या उपदेशाला जागा मिळत नाही. पुत्र लहान आहे म्हणून तो आणखी आठ वर्षे काढतो. ती कशी काढतो हे कालिदासाने एका श्लोकात सांगितले आहे : प्रियेची चित्रे आणि तिच्याशी साम्य असणाऱ्या वस्तू पाहून, आणि स्वप्नातील क्षणिक भेटींवर. शेवटी गंगा आणि शरयू यांच्या संगमावर तो देह ठेवतो आणि स्वर्गात तिला भेटतो. म्हणजे जो करुण होता त्यास कवीने अखेर मीलनाचा शेवट दिला. काव्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु उपदेशातील तो विचार, म्हणजे जिवंतांचे अश्रू मृतास भाजतात हा विचार, वाचकाच्या मनात राहून जातो. शोक हा मृतावर भार होऊ शकतो, हे कालिदासाने ओळखले होते.

४

‘श्यामची आई’ हा ग्रंथ साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला आणि १९३५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आईचा मृत्यू १९१७ मध्ये झाला होता. मृत्यू आणि लेखन यांमध्ये सुमारे पंधरा वर्षांचे अंतर आहे. विलाप मृत्यूच्या क्षणी होतो, कथेला काळ जावा लागतो. या अंतरामुळेच ‘तू’च्या जागी ‘ती’ आली. येथे संबोधन आईला नाही. रात्री प्रार्थनेनंतर जमणाऱ्या आश्रमीय मित्रांना आहे. एकेका रात्री एकेक आठवण अशा बेचाळीस रात्री हे कथन चालते, आणि अखेरच्या रात्रीस ‘आईचे स्मृतिश्राद्ध’ असे नाव दिलेले आहे. विधी आणि साहित्य यांतील जो भेद वर सांगितला तो लेखकाने या एका समासात मिटवून टाकला आहे. हे श्राद्ध तिळोदकाचे नाही, स्मृतीचे आहे. त्यात नाम-गोत्राऐवजी प्रसंग सांगितले जातात.

या ग्रंथावर अतिभावविवशतेचा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. कथनात अश्रू वारंवार येतात. कित्येक प्रसंगांच्या शेवटी बोध सांगितला जातो आणि तो प्रसंगातून आधीच व्यक्त झालेला असतो. परंतु भावविवशता हा दोष मानला तरी त्याखाली जे निरीक्षण आहे ते नाकारता येत नाही. ‘अळणी भाजी’ या प्रसंगाचे उदाहरण घ्यावे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, मुलेही गप्प राहतात. आई मागून जेवायला बसते तेव्हा तिच्या ध्यानात येते आणि तिला वाईट वाटते. या प्रसंगात घटना म्हणावी असे जवळजवळ काही नाही. तरीही एका संसारातील पतिपत्नींचे नाते, परस्परांस न दुखावण्याची त्यांची रीत, आणि ती पाहून शिकणारा मुलगा हे सारे त्यात आले आहे. आईने पत्नी म्हणून कसा संसार केला हे पुत्राच्या दृष्टीतून कळते. अजविलापात पत्नीमागे माता झाकली गेली होती. येथे मातेच्या मागे पत्नी दिसत राहते.

दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. लाकडाची मोळी खाली पडलेल्या एका अस्पृश्य वृद्धेस मदत करण्यास आई श्यामला पाठविते, आणि नंतर घरी येऊन स्नान करण्यासही सांगते. नंतरच्या काळातील एखाद्या लेखकाने आपल्या आईचे चित्र उजळ करण्यासाठी स्नानाचा तपशील गाळला असता. साने गुरुजींनी तो गाळला नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करणाऱ्या लेखकाने आईला आपल्या काळात ओढून आणले नाही. तिची करुणा तिच्या काळाच्या मर्यादेतच दाखविली, आणि ती मर्यादेतील असल्यामुळेच खरी वाटते. जी आई सर्वस्वी लेखकाच्या मताची होते ती आई राहत नाही, लेखकाचा मुखवटा होते.

मुलाला पोहायला जात नाही म्हणून शिमटीने मारणारी आई, आणि स्नानानंतर त्याच्या तळव्यांना घाण लागू नये म्हणून आपला पदर पसरणारी आई, या एकाच ग्रंथातील आहेत. वात्सल्य हा शब्द या दोन प्रसंगांना मिळून लावता येतो, पण नुसत्या त्या शब्दातून हे दोन प्रसंग निष्पन्न होत नाहीत. स्मृतिलेखात विशेषणापेक्षा प्रसंग श्रेष्ठ का, याचे हे उत्तर होय.

तथापि एक उणीव राहते, आणि ती या पद्धतीचीच उणीव आहे. आई बोलते ते श्यामच्या तोंडून. पुत्र अंत्यक्षणी जवळ नव्हता. तिचे शेवटचे बोलणेही त्याला इतरांकडून कळले. कर्जापायी घरादाराची होणारी अवहेलना आईने सोसली, पण त्या सोसण्यात तिच्या मनात पतीविषयी किंवा दैवाविषयी कोणते विचार येऊन गेले हे मुलाला कळण्यास मार्ग नव्हता. कथा विलापाहून पुढे गेली. ती गेलेल्या स्त्रीस कृती देऊ शकली, भाषाही देऊ शकली. पण ती भाषा दिलेली आहे, घेतलेली नाही.

५

साने गुरुजींना ही उणीव जाणवली असावी असे मानण्यास आधार आहे. ‘स्त्रीजीवन’ या संग्रहात त्यांनी स्त्रियांच्या तोंडच्या ओव्या गोळा केल्या. पुढे गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरील ओव्यांचे जे संकलन केले त्यातील ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. या ओव्यांत आईचे स्मरण विपुल आहे, आणि ते मुलीचे स्मरण आहे. श्राद्धाचा अधिकार पुत्राचा. मुलीला जात्याचा खुंटाच हाती होता. आई गेली की माहेर उरत नाही, घर तेच असते पण दाराशी वाट पाहणारे कोणी नसते, हा भाव त्यांत पुनःपुन्हा येतो. येथे लिहिणारी नाही, गाणारी आहे; आणि गाणारीही कोणाची तरी आई असल्यामुळे ती आपल्या आईविषयी गाते तेव्हा स्वतःविषयीही गात असते. जिचे स्मरण व्हावयाचे तीच स्मरण करीत आहे, अशी ही परंपरा आहे.

बहिणाबाई चौधरी या परंपरेत जन्मल्या. जळगावजवळचे असोदे हे त्यांचे माहेर. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९१० मध्ये, ऐन तिशीत, वैधव्य आले. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या आपल्या बोलीत गाणी रचीत आणि गात. पतिनिधनानंतरच्या एका रचनेत पुसले गेलेले कुंकू आणि फुटलेल्या बांगड्या यांचा उल्लेख आहे. परंतु तेथे त्या स्वतःस हतभागी म्हणवून थांबत नाहीत, मनगटात कर्तृत्व शिल्लक आहे याकडे लक्ष वेधतात. अजाने मृत्यूने सर्व नेले असे म्हटले. या शेतकरी विधवेने काय उरले याचा हिशेब मांडला. दोन लहान मुलगे आणि एक मुलगी यांचा संसार पुढे असणाऱ्या स्त्रीला दुसरा हिशेब परवडणारा नव्हता.

दुसऱ्या एका रचनेत माहेराचे कौतुक करणाऱ्या सासुरवाशिणीस एक योगी प्रश्न विचारतो, आणि ती त्यास उत्तर देते. मुलीला माहेर असावे म्हणून आई आपल्या सासरी टिकून राहते, असा त्या उत्तराचा आशय आहे. पत्नी, माता आणि आजी ही तीन नाती विशेषणांच्या रूपाने सुटी सुटी न सांगता एकाच साखळीतील कड्या म्हणून यापेक्षा थोडक्यात मांडलेली क्वचितच आढळतील. पत्नीने संसार टिकविला म्हणून ती माता होऊन मुलीचे माहेर झाली. मुलीने तेच केले म्हणून पहिलीस आजीपण आले. येथे नात्याचे दुसरे टोक स्मरण करणारा नाही. दोन्ही टोकांस स्त्रियाच आहेत.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यांचे पुत्र सोपानदेव चौधरी हे स्वतः नावाजलेले कवी होते. आईवर विलापिका लिहिणे त्यांना अवघड नव्हते. परंतु आईच्या मृत्यूनंतर त्यांचे जे कार्य मराठी साहित्यात राहिले ते वेगळे आहे. त्यांनी आणि त्यांच्या आप्तांनी वेळोवेळी टिपून ठेवलेली आईची गाणी आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवली, आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. पुत्राने आईविषयी बोलण्याऐवजी आईला बोलू दिले. नावाचा जो प्रश्न वर उपस्थित झाला होता त्याचेही उत्तर येथे मिळते. पुस्तकावर ‘सोपानची आई’ असे नाव नाही. आईचे स्वतःचे नाव आहे. आणि २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठास जे नाव मिळाले तेही तिचेच.

अर्थात संपादन म्हणजे निर्लेप स्मरण असे मानणे भाबडेपणाचे होईल. गाणे कागदावर उतरले की त्याची चाल, त्याचा प्रसंग, गाताना होणारे फेरफार गळून पडतात. बोलीचे उच्चार प्रमाण लिपीत बसविताना टिपणाऱ्यास निवड करावी लागते. जे टिपले गेले ते राहिले. जे जात्याच्या घरघरीबरोबर विरून गेले ते कायमचे गेले. कोणती गाणी टिपावीशी वाटली यात टिपणाऱ्यांची अभिरुचीही आलीच. म्हणजे पुत्राचा हात येथेही आहे. फरक इतकाच की विलापात आणि कथेत तो हात चित्र काढतो, येथे तो ओंजळ धरतो. ओंजळीतूनही पाणी गळते. परंतु जे राहते ते पाणीच असते.

६

लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत ही प्रक्रिया आणखी गुंतागुंतीची आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहे. मराठीतील स्त्रियांच्या आरंभीच्या आठवणी बव्हंशी पतीच्या निमित्ताने लिहिलेल्या आहेत. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये निवर्तले आणि १९१० मध्ये रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाले. त्या ‘आमच्या’ या शब्दात पतीचे स्थान मध्यवर्ती आहे. रेव्हरंड टिळकांचे निधन १९१९ मध्ये झाले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून ग्रंथरूपाने येऊ लागली, ती टिळकांच्या आठवणी म्हणूनच. परंतु वाचताना असे दिसते की टिळक हा विषय असला तरी ग्रंथ लक्ष्मीबाईंचा आहे. मिळालेला पैसा हातोहात देऊन टाकणारा पती, १८९५ मधील त्याचे धर्मांतर, त्यानंतरची ताटातूट, पुन्हा एकत्र येणे, सोवळे-ओवळे टप्प्याटप्प्याने सुटणे, आणि १९०० मध्ये स्वतःचे धर्मांतर, हे सारे त्या सांगतात. पतीवरील प्रेम आणि पतीविषयीचा वैताग एकाच वाक्यात मावतात. स्वतःच्या फजितीवर हसण्यास त्या कचरत नाहीत.

येथे एक गोष्ट विशेष नोंदविली पाहिजे. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. त्याचा पुढील मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. इंदुमतीची बकुळमेखला अर्धी राहिली आणि अजाने तिच्याकडे पाहून अश्रू ढाळले. लक्ष्मीबाईंनी पतीचे अपुरे काम हाती घेतले. अपुऱ्या कामाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत. पहिल्या दृष्टीने अपुरेपण हे शोकाचे निमित्त ठरते. दुसऱ्या दृष्टीने ते स्मरणाचे कर्तव्य ठरते. औपचारिक शिक्षण न झालेल्या आणि अक्षरओळखही पतीकडून मिळालेल्या स्त्रीने हे कर्तव्य पत्करावे याला विशेष अर्थ आहे.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या. आता स्मरण करणारीचेच स्मरण करण्याची वेळ आली. पुत्र देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ची संक्षिप्त आवृत्ती सिद्ध केली, पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपूर्ण ग्रंथाचे टिपांसह संपादन केले. पुत्राने आईचा ग्रंथ संक्षेपाने अधिक वाचकांपर्यंत नेला, आणि नातवाने आजीचा ग्रंथ पूर्णपणे तिला परत केला. या दोन कामांत पिढ्यांचा जो फरक आहे तो सूचक आहे. पुत्राला आईचे सांगणे जगापर्यंत पोहोचविण्याची निकड असते. नातवाला वेळ असतो. आजीच्या बोलण्यात ओझरते आलेले माणूस कोण, ते गाव कोणते, तो प्रसंग कोणत्या साली घडला, याचा शोध घेणे हे नातवाचे काम होते. आजीच्या म्हणण्यास खुलासा जोडावयाचा, प्रसंगी तिच्या स्मरणातील तारीख दुरुस्त करावयाची, परंतु तिचे वाक्य मात्र बदलावयाचे नाही, ही टीपकाराची शिस्त आहे. प्रेमाचे हे स्वरूप फारसे दिसून येत नाही. विलापात प्रेम उघड असते, कथेत ते ओथंबते. टीपेत ते पानाच्या तळाशी, लहान अक्षरांत असते. पण वर जिचा शब्द आहे तिला त्याने सारी जागा मोकळी करून दिलेली असते.

७

या विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला असा की स्मृतिलेखनाचे तीन प्रकार स्मरण करणाऱ्याच्या आणि गेलेल्या व्यक्तीच्या परस्परसंबंधाचे तीन टप्पे आहेत. विलापात मृत व्यक्तीस संबोधिले जाते, कथेत तिच्याविषयी सांगितले जाते, संपादनात तीच बोलते. पहिल्यात शोकाची तीव्रता अधिक, तिसऱ्यात व्यक्तीची उपस्थिती अधिक. याचा अर्थ विलाप कनिष्ठ असा नव्हे. आम्र आणि प्रियंगू यांच्या राहिलेल्या लग्नासारखा एखादा तपशील जेव्हा विलापात येतो तेव्हा तेथेही व्यक्ती उभी राहते.

दुसरा असा की नात्याची विशेषणे स्मरणास पुरत नाहीत. ती खरी असली तरी ती दुसऱ्याचे टोक धरून ठेवतात. जेथे स्त्री स्मरण करणाऱ्याच्या सोयीची राहत नाही, त्याच्या मताहून वेगळी दिसते, मारते, चुकते, रागावते किंवा स्नान करावयास सांगते, तेथेच ती त्याच्यापासून स्वतंत्र होते. म्हणून स्मृतिलेखाचे परीक्षण करताना त्यात अश्रू किती आहेत हे न पाहता, लेखकास न पटणारे असे काही त्या स्त्रीच्या स्वभावात शिल्लक ठेवले आहे की नाही हे पाहावे.

तिसरा निष्कर्ष अभ्यासकांच्या कर्तव्याशी निगडित आहे. बहिणाबाईंना सोपानदेव लाभले, लक्ष्मीबाईंना पुत्र आणि नातू लाभले. दोन्ही घरांत लिहिणारे हात होते. ज्या घरांत असे हात नव्हते तेथील पत्नी, माता आणि आज्या यांचे शब्द त्यांच्याबरोबरच गेले. त्यांपैकी काही अद्याप वह्यांत, पत्रांत, हिशेबाच्या मागच्या पानांवर, ध्वनिफितींत आणि वृद्ध मुलींच्या तोंडी असलेल्या ओव्यांत शिल्लक आहेत. त्यांची भाषा न सुधारता, बोलीतील उच्चार न घासता आणि सांगणारीचे नाव न गाळता ते टिपून घेणे हे संशोधनाचे काम आहे. तेच त्या स्त्रियांचे स्मृतिश्राद्धही ठरेल, आणि त्यात विधीप्रमाणे नावही राहील व साहित्याप्रमाणे मीठही राहील.